सोजरची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. खुर्ची म्हटलं की तुम्हाला आधी साहेब आठवणार, मग मंत्री, आणि मग खुर्चीसाठी चाललेली ओढाताण. माझ्यासाठी आजवर कुणी भांडलेलं नाही. मला पाय नाहीत, हात नाहीत. जमिनीला टेकूनच मी बसते. माझी पाठ म्हणजे काटकोनात जोडलेल्या दोन फळ्या, घराचा एक कोपराच उचलून आणावा तशा. पुढे एक रुंद फळी, तिला बोटभर उंचीचा काठ. बसणाऱ्याच्या दोन मांड्यांच्या मध्ये यावी अशी एक खुंटी, तिच्यावर चिंध्या गुंडाळलेल्या. कमरेला बांधायला एक पट्टा. एवढाच माझा थाट.

माझा जन्म सोलापुरातला, गुरप्पा सुताराच्या दुकानातला. त्याआधी मी एका हातमागाचा खांब होते. सुंदरम्माच्या घरी दोन माग होते. तिचा नवरा यंत्रमागावर कामाला जाऊ लागला तेव्हा त्यातला एक मोडीत निघाला आणि मी अंगणात ऊन खात पडले. चुलीत जायची वेळ आलीच होती, तेवढ्यात शेजारच्या घरात एक अडचण निघाली आणि सुंदरम्मानं मला उचलून दिलं. ती अडचण म्हणजे सोजर.

सोजर तेव्हा दीड वर्षाची होती आणि तिला मान धरता येत नव्हती. कधी तिचं अंग काठीसारखं ताठ व्हायचं, कधी भिजलेल्या चादरीसारखं लोंबायचं. तिचा बाप सिदू गिरणीत सुताच्या गाठी उचलायचा. आई केराबाई सुंदरम्माच्या उरलेल्या मागासाठी घरी बसून रहाटावर सूत गुंडाळायची, कांड्या भरायची. आणि आजी म्हाळसाबाई सगळ्यांवर देखरेख करायची. ही मंडळी मूळची सांगोल्याकडची, मेंढरं राखणारी. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली आणि माणसं सोलापुरात आली.

सोजरला कुणीतरी हेमावतीबाईंकडे न्यायला सांगितलं. बाई मुंबईत शिकून आलेल्या. एका धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत त्या अशा मुलांचं केंद्र चालवत. लोक त्यांना मालिशवाल्या बाई म्हणत. बाईंनी ते कधी मनावर घेतलं नाही. त्यांनीच गुरप्पाच्या दुकानात येऊन फरशीवर खडूनं माझं चित्र काढलं.

गुरप्पानं चष्मा कपाळावर ढकलला. "बाई, हे खुर्ची न्हाय हो. हे कोपरा हाय की."

"कोपराच हवाय मला," बाई म्हणाल्या. "यात मूल बसलं की खांदे मागे पडत नाहीत, हात पुढे येतात. हात पुढे आले की ते काहीतरी धरायला बघतं. तिथून पुढचं सगळं सुरू होतं."

गुरप्पानं मान डोलावली आणि रंधा हातात घेतला. फार चांगला हात होता त्याचा. माझी एकही कड त्यानं बोचरी ठेवली नाही.

पहिल्या दिवशी बाई स्वतः मला टांग्यातून घेऊन आल्या. सोजरला माझ्यात बसवून त्यांनी केराबाईला सगळं नीट समजावलं. सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ. समोर बसून बोलायचं, वाटी वाजवायची, रंगीत काही दाखवायचं. "केराबाई, हे काम आत्ताचंच आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या तीन-चार वर्षांत मूल जे शिकतं ते नंतर कितीही घासलं तरी शिकत नाही. आत्ता उशीर केला तर हिचं सगळं आयुष्य असंच पडून जाईल."

केराबाईनं मान हलवली. सोजर माझ्या पाठीला रेलून झोपलेली होती.

तुम्हाला एक सांगते. खुर्चीला बाकी काही कळो न कळो, वजन कळतं. जागं मूल स्वतःचं थोडं तरी ओझं स्वतः पेलत असतं. ते हलतं, सावरतं, पाय रेटतं. झोपलेलं मूल आपलं सगळं ओझं आपल्यावर टाकून मोकळं होतं. सोजर पहिल्या दिवसापासून मला जड लागली. मला वाटलं, आजारी लेकरं अशीच असतात. माझा काय अनुभव? मी कालपर्यंत मागाचा खांब होते.

पण हळूहळू घरातली बोलणी माझ्या कानावर पडू लागली. दुपारी सुंदरम्मा भरलेल्या कांड्या न्यायला यायची आणि म्हाळसाबाई तिला धरून बसवायची. एकदा सुंदरम्मानं सरळ विचारलं, "पोरगी सारखी झोपतेच कशी गं, म्हातारे?"

"ती अशी हाय म्हून तर जित्ती हाय," म्हाळसाबाई म्हणाली आणि तिनं सगळी कहाणी सांगितली.

म्हाळसाबाईला अफूची सवय होती. मेंढरांमागं फिरून गुडघे गेले तेव्हा नवऱ्यानंच लावलेली. तेव्हा सरकारी दुकानात मिळायची. दुकानं बंद झाली, सवय राहिली. आता स्टेशनमागची एक बाई चोरून विकायची. दुष्काळात सगळी खडी फोडायच्या कामावर होती आणि केराबाईला दिवस गेलेले. भर उन्हात हातोडी चालवून तिची कंबर धरायची. दुखणं सांगितलं तर मुकादम कामावरून कमी करणार. तेव्हा सासू आपल्या डबीतली मोहरीएवढी गोळी काढून सुनेच्या जिभेवर ठेवायची. आपल्या तोंडातला घास काढून द्यावा, इतक्या मायेनं. केराबाईचं दुखणं थांबायचं आणि काम व्हायचं. बाळंत होईपर्यंत रोज असंच चाललं.

"आन् पोरगी जल्मली ती थरथरतच," म्हाळसाबाई सांगत होती. "काय रडली म्हून सांगू! बाकीची प्वारं रडून दमत्यात, ही दमंना. शिंका काय, वकाऱ्या काय, दूध घिईना. सुईण म्हनली, ही काय ऱ्हात न्हाय. मग मी बोटाला जराशी लावली आन् तिच्या टाळ्याला चोळली. निवांत झाली बघ. तवाच वळखलं मी. ह्या पोरीला जल्मातच हेची गरज हाय."

ते ऐकून मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं काय ते मला पुष्कळ उशिरा, केंद्रात आल्यावर कळलं. एका दुसऱ्या बाळाविषयी बाई तिथल्या नर्सला समजावत होत्या. आई गरोदरपणी असलं काही खात असली की ते पोटातल्या बाळालाही पोचतं. नाळ तुटली की बाळाचा पुरवठा तुटतो आणि म्हणून ते तडफडतं. ते थोड्या दिवसांचं असतं. दवाखान्यात सांभाळलं, हळूहळू सोडवलं, तर बाळ त्यातून बाहेर येतं. मग पहिल्या दिवसापासून त्याच्यावर मेहनत घेतली तर मागं पडलेलं पुष्कळ भरून निघतं. मी ते ऐकत होते आणि मला म्हाळसाबाईचं ते बोट आठवत होतं. जिनं सोजरला आजारी पाडलं तीच वस्तू त्या म्हातारीनं औषध म्हणून चालू ठेवली होती.

म्हाळसाबाई दुष्ट होती असं मात्र समजू नका. सोजरवर तिच्याइतका जीव कुणी टाकला नाही. आंघोळ तीच घालायची, पोरीच्या ओठातून गळणारी लाळ पदरानं तीच पुसायची. शेजारीपाजारी पोरीला बघून तोंड फिरवत, तेव्हा ती त्यांना अशा शिव्या द्यायची की ऐकत राहावं.

हेमावतीबाई दर गुरुवारी घरी यायच्या. गुरुवार म्हणजे घरात सणच. जमीन सारवायची, चहासाठी दूध जास्त घ्यायचं, सोजरला काजळतीट करून धुतलेला फ्रॉक चढवायचा. आणि बाई यायच्या आधी म्हाळसाबाई डबी उघडायची. त्या दिवशी बोटावर रोजच्यापेक्षा थोडी जास्तच.

"बाई एवड्या लांबनं येत्यात," ती म्हणायची. "पोरगी रडली तर काय म्हनतील? ह्यांला लेकरू सुदीक संबाळता येत न्हाय, असंच म्हनतील की."

पाहुण्यांसमोर पोर शहाण्यासारखं वागावं, एवढंच तिला हवं होतं. बाई यायच्या तेव्हा सोजर माझ्यात शहाण्यासारखी बसलेली असायची, मान छातीवर टाकून. बाई तिच्या तळहातात खुळखुळा ठेवायच्या, तो घरंगळून माझ्या फळीवर पडायचा. पुन्हा ठेवायच्या, पुन्हा पडायचा. गालावर थंड पाणी लावून बघायच्या. सोजर डोळे किलकिले करायची आणि मिटायची. मला ओरडावंसं वाटायचं. पण लाकडाला ओरडता येत असतं तर सुतारांचा धंदाच बसला असता.

एकदा बाईंनी विचारलंही. "आजी, हिला काही देता का तुम्ही? औषध वगैरे?"

"न्हाय वं बाई. घुटी दिती फकस्त, लेकराला दित्यात ती."

आणि ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी ती घुटीच होती. केराबाई मात्र कांड्या भरता भरता थांबली. तिच्या रहाटाचा आवाज बंद झाला, मग पुन्हा सुरू झाला. बाईंनी आणखी विचारलं असतं तर? त्यांनी विचारलं नाही. त्यांच्याकडे बसू न शकणारी कितीतरी मुलं होती, आणि प्रत्येक घरात घुटी होती.

असं एक वर्ष गेलं. मग आणीबाणी आली. आणीबाणी म्हणजे काय ते मला आजही नीट सांगता येणार नाही. आमच्या वस्तीपुरतं तिचं रूप असं, की पोलिसांनी स्टेशनमागच्या बाईला उचललं आणि म्हाळसाबाईची डबी रिकामी झाली.

पुढचे काही दिवस त्या घरानं कसे काढले ते मी पाहिलंय. म्हाळसाबाई घोंगडीत मुटकुळं करून कण्हत होती. केराबाईचे हात इतके कापत होते की तिला कांडी धरता येईना. खडीच्या कामावर लागलेली सवय तिचीही सुटलेली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. आणि सोजर रडत होती. घामानं भिजत होती, ओकत होती, अंग आखडून किंचाळत होती. सिदू घाबरून पोरीला खांद्यावर टाकून दवाखान्यात घेऊन गेला. तिथं कुणीतरी सलाईन लावलं, पोट बिघडलंय म्हणून सांगितलं आणि परत पाठवलं. हेमावतीबाई त्या दिवसांत नेमक्या परगावी होत्या, गुरुवार तसाच गेला.

मला वाटलं, गेली पोर. पण ती गेली नाही. एके सकाळी ती रडायची थांबली. केराबाई अजून अशक्त होती, पण कांड्या तुंबल्या होत्या. तिनं सोजरला माझ्यात बसवलं आणि समोर रहाट घेऊन बसली.

आणि सोजर मला हलकी लागली!

काय सांगू तुम्हाला! तिनं पाय रेटले, माझ्या खुंटीला नेट लावला. तिची मान डुगडुगत वर आली, पडली, पुन्हा वर आली. रहाट गरगर फिरत होता, त्याच्यावरचं लाल सूत धावत होतं आणि सोजर ते बघत होती. उघड्या डोळ्यांनी बघत होती. केराबाईनं भरलेली एक कांडी सहज माझ्या फळीवर ठेवली. सोजरचा हात सरकत सरकत निघाला. चुकला. पुन्हा निघाला. बोटं कांडीवर पडली, सुताचं टोक बोटांत अडकलं आणि तिनं ते ओढलं. कांडी गरकन फिरली. सोजर हसली.

केराबाईचा रहाट थांबला. तिनं पोरीच्या हातातलं सूत काढून घेतलं नाही. सोजरनं ती सगळी कांडी उलगडून माझ्यावर लाल गुंता केला, तरी ती बघतच राहिली. मग तिनं दुसरी कांडी पुढे ठेवली.

"आत्याबाई, बगा की! बगतीया ती! हसतीया!"

म्हाळसाबाई भिंतीला धरून आली. नातीला बघून तिच्या डोळ्यांना धार लागली. तिनं दोन्ही हात सोजरच्या गालांवरून फिरवले आणि कानशिलावर बोटं मोडली.

"लागू पडलं गं बाई," ती म्हणाली. "इतक्या दिसाचं औशीद आता अंगी लागलं."

केराबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मीही.

म्हाळसाबाईचा हिशेब साधा होता. दोन वर्षं औषध दिलं, आता गुण आला. आणि आत्ताच ते तुटलं तर आलेला गुण जाणार. तिच्या पायांत उभं राहायचं बळ नव्हतं, तरी दुसऱ्याच दिवशी ती एसटीत बसून सांगोल्याकडं गेली. जुन्या ओळखीपाळखी होत्या. चार दिवसांनी परत आली तेव्हा डबी भरलेली होती.

त्या चार दिवसांत सोजर रोज माझ्यात जागी बसली. सांगण्यासारखं माझ्या आयुष्यात तेवढंच आहे. ती वाटी धरू लागली, आईच्या बांगड्यांना हात घालू लागली. केराबाई तिच्याशी बोलायची आणि ती आवाज काढून उत्तर द्यायची. सिदू कामावरून आला की दारातच उकिडवा बसून तिला हाक मारायचा, आणि ती मान वळवायची.

डबी उघडली तेव्हा केराबाई पहिल्यांदा सासूच्या आडवी आली. "आत्याबाई, नगा देऊ. ती हेच्याबिगरच बरी हुती."

"तू पोटाशी असताना रोज खाल्लीस, तवा न्हाय सुचलं व्हय गं हे?" म्हातारी रागानं नव्हे, नवलानंच बोलली. "मंग पोरगी तुज्यामुळं अशी झाली म्हनतीस का?"

केराबाईनं हो म्हणावं तर सगळं तिच्या पदरात. नवऱ्याला कळणार, वस्तीला कळणार. नाही म्हणावं तर मग पोरीला द्यायला हरकत कसली? आणि खरं सांगायचं तर डबी बघून तिच्याही हातांची थरथर वाढली होती. संध्याकाळी तिनंही हात पुढे केला. मला तिचा राग आला. तिच्याइतकी कीव मला कुणाची आली नाही, तरीही आला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. म्हाळसाबाईनं बोटावर नेहमीच्या गुरुवारइतकीच घेतली. पण सोजरच्या अंगाला आता तेवढी सवय राहिली नव्हती. बाई आल्या तेव्हा पोर माझ्यात अशी पडली होती, की तिच्या श्वासाकडे लक्ष ठेवावं लागत होतं. बाईंनी तिची मान उचलली, सोडली. हात उचलला, सोडला. कितीतरी वेळ त्या तिच्यासमोर जमिनीवर बसून होत्या. "हिला ताबडतोब दवाखान्यात दाखवा," एवढं बोलून उठल्या. केराबाईनं नेलंही. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच कमजोर आहे, असंच चालायचं. बाईंनाही त्यांनी तेच सांगितलं असणार.

पुढच्या गुरुवारी बाई आल्या तेव्हा टांगा दारात थांबवूनच आल्या. मला ते बरं वाटलं नाही.

"केराबाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी खूप विचार केला. वळसंगचे एक रुद्रप्पा म्हणून आहेत, त्यांची मुलगी वर्षाची आहे. तिला बसायला काही नाही. माझ्याकडे खुर्च्या इतक्या थोड्या. सोजरला उपयोग होत असता तर मी कधीच मागितली नसती."

म्हाळसाबाई दाराशी उभी होती. सोजर माझ्यात झोपली होती. गुरुवार होता ना.

केराबाईनं एकदा सासूकडे बघितलं, एकदा बाईंकडे. सांग गं, मी मनात म्हणत होते. सांग, आत्ता सांग, पोलीस येतील तर येऊ दे. तिचे ओठ हलले.

"बाई, ती जागी असती तवा येगळी असती वं. बगती. हसती. कांडी वडती."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी केराबाईच्या खांद्यावर हात ठेवला. "सगळ्या आया मला हेच सांगतात, केराबाई. तुम्ही नसताना हसतो, तुम्ही नसताना बघतो. आईला तसं दिसतं. त्यात तुमचं काही चुकत नाही."

 केराबाईनं पुढे होऊन माझा पट्टा सोडला. सोजरला उचललं तेव्हा पोरीचं डोकं तिच्या खांद्यावरून मागं कलंडलं, तिनं ते तळहातानं सावरलं. टांगेवाल्यानं मला उचललं. माझ्या खुंटीच्या चिंध्यांत लाल सुताचा एक तुकडा अडकून राहिला होता, तो वाटेत वाऱ्यानं कुठंतरी उडून गेला.

आता मी केंद्रात असते. रुद्रप्पाची मुलगी माझ्यात बसून बसून आता भिंतीला धरून उभी राहते. बाई सगळ्यांना मला दाखवतात. ही आमची गुणी खुर्ची, असं म्हणतात. मला आनंद व्हायला हवा, होतोही. पण नवीन मूल माझ्यात ठेवलं की मी आधी त्याचं वजन बघते, आणि ते पाय रेटेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

सोजर आता चौथ्या वर्षात असेल. म्हणजे बाई म्हणतात ती वेळ अजून सगळी संपलेली नाही. थोडी उरली आहे. रोज थोडी कमी होते आहे, आणि सोजर अजून शिकू शकते हे मला आणि केराबाईला सोडून कुणाला माहीत नाही. दुपारी बाई दमून माझ्याजवळच जमिनीवर बसतात, माझ्या फळीवर कोपर टेकून चहा पितात. मी त्यांना एकच गोष्ट सांगत असते. त्यांना ऐकू जात नाही, तरी सांगत असते.

बाई, सोजरकडं जाल तेव्हा गुरुवारी नका जाऊ. दुसऱ्या कुठल्याही दिवशी जा, आणि येते म्हणून निरोप पाठवू नका.